घोड्याची मालिश : खराऱ्याच्या पुढे हाताला काय कळतं?

कुमैत
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. इथे कुत्र्या-मांजरांवर, गाई-म्हशींवर भरपूर चर्चा होते, घोड्यांवर फार थोडी. घोड्याच्या मसाजवर तर मराठीत मला धड काही वाचायला मिळालं नाही.

मी पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये नऊ वर्षं घोडेस्वारी करते. तीन वर्षांपासून मेघ माझ्याकडे आहे. थरोब्रेड, खच्ची केलेला, वय १२. सहाव्या वर्षापर्यंत शर्यतीत धावला, मग शाळेत आला. स्वभावाने अत्यंत सरळ घोडा.

गेल्या पावसाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलं. डाव्या हाताला गोल फिरवताना कँटर (दुडकीपेक्षा वेगाची, झेपा टाकत जाणारी चाल) मागितला की डाव्या पायाऐवजी उजवा पाय पुढे टाकायचा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागे पाडायचा. एकदा घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसदादांच्या दंडाला चावला. घोडा आळशी झालाय, त्याला खोड लागलीय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. दोन महिने मी टाच मारून आणि छडी दाखवून त्याच्याकडून कँटर करवून घेतला. हे लिहिताना आजही फार वाईट वाटतं.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी त्याला सरळ चालवून, गोल फिरवून, कडक जमिनीवर दुडकी काढायला लावून पाहिलं. दात तपासले, खूर चिमट्याने दाबले. लंगडेपणा कुठेच नव्हता. मग त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली. विदर्सच्या, म्हणजे मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो त्याच्या मागे, उजव्या बाजूला बोटं येताच मेघने पाठ एकदम खाली टाकली. खोगीर उलटं करून पाहिलं तर उजवीकडची गादी दबून टणक झालेली. आम्ही सगळे नेहमी डावीकडून, जमिनीवरूनच रिकिबीत पाय टाकून चढतो. त्या वेळी खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि विदर्सच्या उजव्या बाजूला रुततं. शाळेच्या घोड्यावर दिवसातून चार-पाच जण असे चढतात, वर्षानुवर्षं.

खोगीर दुरुस्तीला गेलं, तीन आठवडे स्वारी बंद. आणि डॉक्टरांच्याच सांगण्यावरून मुंबईहून एक ताई आल्या. घोड्यांचा स्पोर्ट्स मसाज हेच त्यांचं काम.

पहिली पंधरा मिनिटं त्यांनी त्याला दाबलंच नाही. आधी लांबून पाहिलं, मग हाताची मागची बाजू मानेपासून शेपटीपर्यंत फिरवून कुठे ऊब जास्त आहे ते पाहिलं. नंतर मान, खांदा, पाठ असं करत उजव्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या पायाच्या वरच्या मांसल भागावर आल्या आणि थांबल्या. माझा हात धरून तिथे ठेवला. "इथे दाब. आता पलीकडे जाऊन डावीकडे दाब." डावा पुठ्ठा नुकत्याच मळलेल्या कणकेसारखा होता. उजवा म्हणजे तीच कणीक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली. ताई म्हणाल्या, "डाव्या कँटरची पहिली उचल उजव्या मागच्या पायावर असते. तो पुठ्ठाच आखडला असेल तर तो पाय बदलून घेणारच."

मळहाताने, म्हणजे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब देत, थांबत, परत दाबत त्यांनी चाळीस मिनिटं काम केलं. शेवटी मेघची मान गुडघ्यापर्यंत आली, खालचा ओठ लोंबायला लागला, आणि त्याने लागोपाठ तीन जांभया दिल्या. त्याला इतकं निवांत उभं राहिलेलं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

यातलं आपण रोज किती करावं आणि कुठे हात आवरावा? आपल्याकडे मोतद्दार, साईस पिढ्यान्‌पिढ्या मालिश करत आलेत. त्यांच्या त्या मालिशीचं आणि याचं नातं काय? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

---

ठाण
सोमवार, रात्री ११:५५

धागा उघडला आणि बाबांची आठवण झाली. बाबा आहेत, गावी आहेत, पण घोड्यांचे दिवस गेले त्यांचे.

त्यांनी रेसकोर्सवर तीस वर्षं मोतद्दारी केली. पावसाळ्यात पुणे, दिवाळीनंतर महालक्ष्मी. घोडे निघाले की आमचंही बिऱ्हाड निघायचं. घोडा पहाटेच्या कामावरून आला की आधी त्याला फिरवून थंड करायचं, पाणी, मग खरारा, मग मालिश. पहिला ब्रश, मग गवताचा बोळा आणि शेवटी मनगटापासून कोपरापर्यंतचा पुढचा हात. त्या पुढच्या हातावर सगळं वजन टाकून ते पुठ्ठ्यावरून असे जायचे की घोडा जागच्या जागी डुलायचा. एका घोड्याला पाऊण तास सहज. असे तीन घोडे.

बाबांचा हात मध्येच थांबायचा. "आज उजवा पुठ्ठा बोलतोय," म्हणायचे. ट्रेनरना जाऊन सांगायचे. ट्रेनर जुने होते तोवर ऐकायचे, त्या दिवशी घोड्याला नुसतं चालवायचे. नंतरच्या काळात सांगून उपयोग होईनासा झाला, मग बाबांनी सांगणं सोडलं. हाताचं थांबणं मात्र सुटलं नाही.

कुमैतताई, तुमच्या मुंबईच्या ताईंनी जे केलं ते बाबांच्या हाताने रोज होत होतं असं मला वाटतं. फक्त त्याला नाव नव्हतं आणि पगार मोतद्दाराचा होता.

---

रानवाटा
मंगळवार, सकाळी ७:१०

ठाण, हा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. बाबांकडून जमेल तेवढं लिहून घ्या. वाचनखूण साठवली आहे.

---

पशुवैद्य_कृष्णाकाठ
मंगळवार, दुपारी २:३०

मी सरकारी सेवेतून निवृत्त पशुवैद्यक. घोडे फार नाही, पण लग्नाच्या वरातीचे, टांग्याचे आणि जत्रेतले बरेच पाहिले. चर्चा योग्य दिशेने चालली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घोड्याला गळपट्टीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नाहीत. छातीचा सगळा पिंजरा दोन फऱ्यांच्या (खांद्याच्या चपट्या हाडांच्या) मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येतं, वर स्वार बसला की आणखी. खांद्याचे आणि छातीचे स्नायू दिवसभर किती काम करतात ते यावरून समजावं. थरोब्रेडच्या वजनात तर निम्म्याहून जास्त वाटा स्नायूंचाच. ४५०-५०० किलोच्या जनावरात अडीचशे किलोच्या आसपास नुसता स्नायू. त्याची निगा राखायला नको असं कोण म्हणेल?

पण पुढच्या गुडघ्याच्या आणि मागच्या घोट्याच्या खाली जवळजवळ स्नायू नाहीच. तिथे कंडरा, अस्थिबंध, हाड आणि त्वचा. त्या भागाला 'मालिश' म्हणून अंगठ्याने रगडणारे मी पाहिले आहेत. कंडरेला आधीच सूज असेल तर अशा रगडण्याने दुखापत वाढते. तिथे फक्त हात फिरवून ऊब आणि सूज तपासावी.

आता हात कधी लावू नये ते. घोड्याला ताप असेल (नेहमीचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट), ताजी जखम असेल, त्वचेला गजकर्ण असेल, पाय लंगडत असेल आणि कारण कळलेलं नसेल, पोटात दुखत असेल, तर मालिश नाही. आधी डॉक्टर.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी लिहितो, कारण ती विसरू नये. एखादा-दोन दिवस आराम मिळालेला, पण चंदी (रोजचा दाणा) मात्र पूर्ण खाल्लेला घोडा कामाला काढला आणि थोड्याच वेळात त्याची चाल आखडली, पुठ्ठे लाकडासारखे टणक झाले, घाम फुटला, तो पुढे पाऊल टाकेना, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर तो साधा आखडलेला स्नायू नसतो. स्नायू आतून फुटत असतात आणि त्यातला रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर येतो. इंग्रज लोक याला सोमवार सकाळचा आजार म्हणत, कारण रविवारच्या सुट्टीनंतर गाडीचे घोडे असे पडायचे. अशा वेळी लोक हमखास दोन गोष्टी करतात: घोड्याला चालवतात आणि पुठ्ठे रगडतात. दोन्ही करू नका. आहे तिथे उभा ठेवा, पाणी द्या, डॉक्टरांना फोन करा.

मालिश करणाऱ्याला मी नेहमी एक काम जोडून देतो. शेवटी हात खाली नेऊन खुराच्या वर, मागच्या बाजूला गुडीपाशी (खुराच्या वरच्या सांध्यापाशी) दोन बोटं ठेवायची आणि नाडी पाहायची. निरोगी पायात ती जेमतेम लागते. एखाद्या पायात ती ठणठण उडत असेल तर खुरात काहीतरी चाललं आहे.

---

गणिती
मंगळवार, सायंकाळी ६:०५

घोड्यांतलं मला काही कळत नाही, पण धागा मनापासून वाचतोय. एक प्रामाणिक शंका. माणसाला मसाजने बरं वाटलं की तो सांगतो. घोड्याला बरं वाटलं हे ठरवायचं कशावरून? मालकाला बरं वाटतं म्हणून घोड्याला वाटतं, असं तर होत नाही ना? कुणी मोजून पाहिलं आहे का?

---

थेम्सकाठ
बुधवार, पहाटे ३:२०

गणिती, प्रश्न अगदी योग्य आहे. मी मूळची कोल्हापूरची, आधी माणसांची फिजिओथेरपिस्ट, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये घोड्यांवर काम करते. इथल्या कायद्याने पशुवैद्याला विचारल्याशिवाय मला दुखऱ्या घोड्यावर उपचार करता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मोजून पाहिलेलं आहे, पण थोडं. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेलं काम मला सगळ्यात आवडतं. घोडे एकमेकांची मान आणि विदर्स दातांनी खाजवतात हे आपण कुरणात नेहमी पाहतो. संशोधकांनी त्याच जागी हाताने खाजवून हृदयाचे ठोके मोजले, तर ते कमी झाले. दुसरीकडे खाजवलं तर तसं झालं नाही. ठोके मालकाच्या भावनेवर चालत नाहीत. २००४ च्या एका छोट्या अभ्यासात मसाज देऊन हेच मोजलं, आणि घोडे जिथे एकमेकांना खाजवतात त्याच जागांवर परिणाम जास्त दिसला.

२००८ मध्ये ३८ घोड्यांवर पाहिलं की पाठीवर किती दाब दिल्यावर घोडा अंग चोरतो. सात दिवसांनी मसाज दिलेल्या गटाची सहनशक्ती सुमारे १२ टक्क्यांनी वाढली होती, नेहमीचं वेदनाशामक दिलेल्या गटाची ८ टक्क्यांनी, आणि मणक्यांवर हाताने उपचार केलेल्या गटाची २७ टक्क्यांनी. पण हे घोडे दुखरे नव्हते, निरोगी होते. त्यामुळे यावरून "मसाज औषधापेक्षा भारी" असं म्हणणं चुकीचं ठरेल. २०१० मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूंना मसाज दिल्यावर मागचा पाय जास्त पुढे जातो असंही दिसलं, तेही मोजक्याच घोड्यांत.

म्हणजे घोडा शांत होतो, काही काळ दाब सहन करतो, पाय थोडा मोकळा पडतो. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. मसाजने "लॅक्टिक ॲसिड निघून जातं" किंवा "विषारी द्रव्यं बाहेर पडतात" असं कुणी म्हणालं तर मात्र विश्वास ठेवू नका. धावल्यानंतर साचलेलं लॅक्टेट शरीर आपलं आपणच वापरून टाकतं, हळू चालत फिरवलं तर लवकर. त्याला कुणाच्या हाताची गरज नसते.

या कामाला आजचं रूप देण्यात जॅक मीघर या अमेरिकन माणसाचा वाटा मोठा आहे. खेळाडूंच्या स्नायूंवर काम करता करता ते घोड्यांकडे वळले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या थ्री-डे इव्हेंटिंग (घोडेस्वारीची अनेक दिवस चालणारी, तीन प्रकारांची स्पर्धा) संघाच्या घोड्यांवर त्यांनी काम केलं, आणि त्या संघाला सुवर्ण मिळालं. पदक काही मसाजमुळे मिळालं नाही, पण लोकांचं लक्ष गेलं. स्नायू जिथे कंडरेला मिळतो त्या टोकांशी ताण साठतो, तिथे आधी सरळ दाब द्यायचा, मग धाग्यांना आडवं घासायचं, ही त्यांची पद्धत.

ठाण, तुमच्या वडिलांच्या पुढच्या हाताबद्दल वाचून मी खुर्चीतून उठले. आम्हाला शिकवताना पहिली ताकीद असते: अंगठ्याने काम करू नका, दोन वर्षांत अंगठे जातील, पुढचा हात आणि अंगाचं वजन वापरा. तुमच्या वडिलांना हे कुणी शिकवलं असेल? त्यांच्या वडिलांनीच ना?

---

गणिती
बुधवार, सकाळी ९:००

मनापासून आभार. शंका फिटली. पोकळ दावे बाजूला काढून सांगितलंत हे फार आवडलं.

---

दस्तुरीनाका
बुधवार, रात्री ९:४५

मी माथेरानचा. घरचे चार घोडे, वडिलांपासून हाच धंदा. गावात खासगी मोटार चालत नाही, त्यामुळे बरेच पाहुणे दस्तुरीवरून पॉइंटांपर्यंत घोड्यावर. तांबडी माती, चढ-उतार, शनिवार-रविवार घोडा दिवसभर उभा-चालता. मसाजवाल्या ताई आमच्याकडे कोण आणणार? आणि मला वेळ मिळतो रात्री, दर घोड्याला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत काय करू ते सांगा. पुस्तकी नको, हाताने करता येईल असं.

---

थेम्सकाठ
गुरुवार, पहाटे २:५०

दादा, दहा मिनिटं पुष्कळ झाली.

खोगीर काढलं की लगेच खरारा करू नका. आधी नुसता तळवा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, केसांच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी फिरवा. ऊब, सूज, गाठ, केस उभे राहिलेत का, घाम एखाद्या जागीच सुकलाय का ते पाहा. चारी बाजूंनी घामाचा ओला डाग आणि मध्ये कोरडा तुकडा दिसला तर खोगीर तिथे जोरात दाबत असू शकतं, ते तपासा. विदर्सजवळ पांढरे केस उगवले असतील तर ते बहुतेक जुन्या दाबण्याची खूण.

मग चढ-उताराच्या घोड्यासाठी दोनच जागा. उतारावर सगळा भार खांदे आणि छाती झेलतात, चढावर पुठ्ठे आणि मांडीचा मागचा भाग. मूठ सैल मिटून किंवा मळहाताने आत दाबा, तीन श्वास थांबा, सावकाश सोडा, चार बोटं पुढे सरका. हाताने दाबू नका, घोड्याजवळ उभं राहून अंग कलंडवा. एक हात कायम त्याच्या अंगावर असू दे, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं. मांडीचा मागचा भाग करताना बाजूला, त्याच्या अंगाला चिकटून उभे राहा. सरळ मागे कधीच नको. पाठीच्या कण्यावर, कमरेवर आणि हाडांवर जोर नको.

किती जोर लावायचा ते घोडा सांगतो. तोंडाने चघळल्यासारखं करणं, मान खाली येणं, मोठा सुस्कारा, अर्धे मिटलेले डोळे, म्हणजे ठीक चाललंय. कान मागे, शेपटीचा फटकारा, कातडी थरथरणं, पाठ खाली टाकणं, मान वळवून तुमच्याकडे पाहणं, म्हणजे जोर निम्मा करा. तरीही तसंच केलं तर ती जागा सोडा आणि दुसऱ्या दिवशी परत तपासा. दोन-तीन दिवस एकच जागा दुखतेय असं दिसलं तर डॉक्टर.

आणि एक, गाजर. घोडा चालून गरम झालेला असताना गाजर दाखवून त्याचं तोंड छातीशी, मग पुढच्या दोन पायांच्या मध्ये, मग दोन्हीकडे बरगडीपर्यंत, मग जांघेपर्यंत आणायचं, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवायचं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ घोड्यांकडून आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने असे व्यायाम करून घेतले आणि सोनोग्राफीने मोजलं, तर कण्याला चिकटून असलेले खोल स्नायू जाड झाले होते. माझ्या मते पाठ सांभाळायचा इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. मसाजने स्नायू सैल होतो, पण बळकट होत नाही. ओझं वाहणाऱ्या तट्टाला बळकट पाठ जास्त उपयोगाची.

---

दस्तुरीनाका
गुरुवार, रात्री १०:१०

आज चौघांनाही तळवा फिरवला. एकाच्या विदर्सजवळ पांढरे केस आहेत, ते लहानपणापासूनचे असं मी समजत होतो. उद्या खोगिराखालचं घोंगडं काढून पाहतो. गाजर चौघांनाही कळलं!

---

अबलख
शुक्रवार, दुपारी १२:३०

चांगला धागा. मी सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जातो. तिथे घोडे विकायला आणलेले लोक पहाटेपासून तेल लावून मालिश करत असतात. अंग असं चमकतं की डोळे दिपतात. मोहरीचं तेल, कापूर, कुणी दुखरा पाय असेल तर माणसाचा बाम. हे बरोबर की चूक?

---

पशुवैद्य_कृष्णाकाठ
शुक्रवार, सायंकाळी ५:१५

विक्रीच्या दिवशी चमक यावी म्हणून तेल लावतात. एका दिवसाने बिघडत नाही. पण रोज तेल लावलेल्या अंगावर धूळ बसते, खोगिराखाली त्या धुळीची पुटं होऊन कातडी सोलते. शिवाय तेलाने हात घसरतो आणि स्नायू पकडीत येत नाही. चमक खरी येते ती खराऱ्याने, घोड्याच्या स्वतःच्या त्वचेतलं तेल केसांवर पसरल्यामुळे.

माणसाचा बाम कधीही नाही. घोड्याची त्वचा माशी बसलेली ओळखते, तिला हे चटके सहन होत नाहीत. दुखणं झाकून घोडा विकण्यासाठी कुणी लावत असेल तर तो गुन्हाच म्हणावा.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी तर हे फारच गंभीर आहे. मिरचीतला तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन काही मलमांत असतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी हाँगकाँगला झाली होती. नॉर्वेच्या एका घोड्याच्या तपासणीत तेच सापडलं, आणि नॉर्वेला मिळालेलं उड्यांच्या सांघिक स्पर्धेतलं कांस्यपदक परत द्यावं लागलं. कातडीवर लावलेलं रक्तात जातं, हे लोकांना पटत नाही.

---

शिरवळकर_नव्हे
शनिवार, सकाळी ११:२०

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करवून घेण्याची घोडेस्वारी) शिकते. आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या चौघांनी सांघिक सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा एक मुलगा होता, तेव्हापासून तिने ध्यास घेतला आहे. तिला विचारायचं आहे की स्पर्धेच्या दिवशी सकाळी घोड्याला मसाज द्यावा का.

---

थेम्सकाठ
शनिवार, सायंकाळी ७:४०

मुलीला शाबासकी सांगा. खोल मसाज स्पर्धेच्या दिवशी नको, आदल्या दिवशीही शक्यतो नको. खोल काम झाल्यावर स्नायू काही तास सैल आणि कधी थोडा हुळहुळा असतो, घोड्याला आपल्याच पायांचा अंदाज वेगळा लागतो. दोन-तीन दिवस आधी करून घ्या. स्पर्धेच्या सकाळी मान आणि विदर्सवर पाच मिनिटं हलका हात, तेवढ्याने दोघांचीही धडधड कमी होईल. बाकी वेळ सावकाश वॉर्म-अपला द्या.

---

कुमैत
सात आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:००

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

खोगीर दुरुस्त होऊन आलं. शाळेने चढण्यासाठी लाकडी ठोकळा करून घेतला आणि आता सगळे त्यावरूनच चढतात, लहान मुलंसुद्धा. ताई आणखी दोनदा येऊन गेल्या. रोजचं काम साईसदादा आणि मी मिळून करतो. सुरुवातीला दादांना संकोच वाटत होता, शिकवायला बाहेरून बाई येते म्हणजे आपलं चुकतंय असं त्यांना वाटलं. मी त्यांना ठाण यांच्या बाबांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "पुठ्ठा बोलतोय" इथे ते हसले, आणि म्हणाले, "आमचे आजोबा म्हणायचे, हात लावल्याशिवाय घोडा आपला नाही."

डॉक्टरकाकांनी सांगितलेली नाडी आम्ही रोज पाहू लागलो. अठराव्या दिवशी सकाळी दादांनी मला थांबवलं. पुढच्या डाव्या पायात नाडी उडत होती. घोडा चालत व्यवस्थित होता, चंदी पूर्ण खाल्ली होती. मी जीन आणायला निघाले होते, ते राहू दिलं. संध्याकाळपर्यंत तो तीन पायांवर आला. खुरात पू झाला होता. नालबंदांनी नाल काढली, डॉक्टरांनी पू मोकळा केला, आठवड्याभरात मेघ ठीक झाला. त्या सकाळी मी त्याच्यावर बसून काम करवून घेतलं असतं तर किती त्रास झाला असता, याचा विचार करवत नाही.

दादांनी एक वही केली आहे. रोज तारीख, चारी पायांची नाडी, कुठे ऊब, कुठे अंग चोरलं. शाळेतल्या अकरा घोड्यांची पानं आहेत त्यात. शाळेच्या मालकांनी त्या वहीसाठी दादांना दरमहा वेगळे पैसे सुरू केलेत, हे मला लिहायचंच होतं.

डावा कँटर काल आला. छडी बाहेर ठेवली होती. तंग लावताना कान पुढेच होते.

ठाण, एक विनंती. गवताचा बोळा कसा करायचा ते बाबांना विचाराल? इथे कुणालाच नीट येत नाही, आमचा दोन मिनिटांत सुटतो.

---

ठाण
रविवार, रात्री ९:३०

बाबांना धागा वाचून दाखवला. नाडीच्या जागी मध्येच थांबवून "परत वाच" म्हणाले.

बोळ्याचं सांगतो. लांब, मऊ गवत घ्यायचं, काटक्या निवडून. पाणी शिंपडून ओलसर करायचं, एकाने टोक धरायचं आणि दुसऱ्याने पीळ देत दोन-अडीच हात लांब दोर करायचा. एका टोकाला दोन फासे ठेवायचे, उरलेला दोर त्या फाशांतून एकदा इकडून, एकदा तिकडून विणत आणायचा. शेवट आत खोचायचा आणि पायाखाली घालून घट्ट चपटा करायचा. मुठीत मावेल एवढाच. तुमचा सुटतो कारण पीळ कमी पडत असणार. मान, खांदा, पुठ्ठा आणि मांडी एवढ्यावरच मारायचा, कमरेवर अजिबात नाही, तिथे आत मूत्रपिंडं आहेत असं त्यांनी लगेच बजावलं.

एवढं सांगून म्हणाले, लिहून काय कळणार, दाखवावं लागेल. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गवत त्यांनी आजच भिजवून पाहिलं आहे.

---

कुमैत
रविवार, रात्री ९:४२

व्यनि केला आहे. दादा सकाळी सहापासून वाट पाहतील.